वयोगट कोणी ठरवला? एका ब्राझिलियन मिडफिल्डरचे जर्मनीतले प्रशिक्षकपण

पार्श्वभूमी

खेळाडू ब्राझीलचा. तिथल्या तिसऱ्या श्रेणीत काही हंगाम, मग पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत, आणि 2020 च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या तिसऱ्या लीगमध्ये. नाव, गाव आणि क्लब मुद्दाम दिलेले नाहीत. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत.

तो बचावफळीच्या पुढे उभा राहून खेळणारा मिडफिल्डर होता. अशा खेळाडूच्या नावावर गोल फारसे लागत नाहीत. त्याचे खरे काम चेंडू पायाशी येण्याआधीच झालेले असते: मागे कोण आहे, डावीकडे किती जागा आहे, पुढचा पास कुठे जाणार. 2022 च्या वसंतात त्याच्या गुडघ्याची कूर्चा इतकी झिजली की डॉक्टरांनी रोजचा सराव थांबवायला सांगितला. तेव्हा तो 33 वर्षांचा होता. ब्राझीलमध्ये असतानाच त्याने तिथल्या संघटनेचे ब दर्जाचे प्रशिक्षक लायसन्स घेतले होते. क्लबनेच त्याला युवा विभागात थांबशील का, असे विचारले.

पुढचे समजण्यासाठी जर्मनीतल्या युवा फुटबॉलची घडण थोडी माहीत हवी. तिथे क्लब म्हणजे सभासदांची नोंदणीकृत संस्था. सहा-आठ वर्षांच्या मुलांना शिकवणारा माणूस बहुधा त्यांच्यातल्याच एखाद्याचा बाबा किंवा आई असतो, दिवसभराची नोकरी आटोपून मैदानावर येणारा. अशा कामाचे मानधन वर्षाला 3,000 युरोंपर्यंत करमुक्त असायचे (2021 ते 2025 या काळातली मर्यादा) आणि बहुतेक क्लब त्या आकड्याच्या आतच राहतात. पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक दिसतात ते वरच्या वयोगटांत.

याला इतिहास आहे. 2000 च्या युरो स्पर्धेत जर्मनी एका गुणासह गटात तळाला राहिली. त्यानंतर बुंडेसलिगाच्या, म्हणजे देशातल्या अव्वल लीगच्या, क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्रे सक्तीची झाली आणि 2002 पासून राष्ट्रीय संघटनेने देशभर गुणवत्ता केंद्रांचे जाळे उभे केले. पैसा आला, शास्त्र आले, पण ते साधारण अकराव्या वर्षापासून पुढे. त्याखालची मुले होती तिथेच राहिली, स्वयंसेवकांच्या हाती.

अडचण

या खेळाडूचा निवास परवाना त्याच्या कामाशी बांधलेला होता. युरोपीय संघाबाहेरच्या व्यावसायिक खेळाडूला किंवा प्रशिक्षकाला जर्मन क्लबात काम करायचे तर दोन अटी मुख्य असतात. राष्ट्रीय क्रीडा संघटनेने त्याची पात्रता मान्य केली पाहिजे, आणि पगार निवृत्तिवेतन विम्याच्या वर्गणीसाठी ठरलेल्या कमाल उत्पन्नमर्यादेच्या निम्म्याहून कमी नको. वाक्य रूक्ष आहे, पण या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. पश्चिम जर्मनीत 2022 साली हा आकडा महिन्याला 3,525 युरो होता. मर्यादा दर जानेवारीत बदलते. 2024 साली तो 3,775 झाला, 2025 साली 4,025.

लहान मुलांच्या प्रशिक्षकाला वर्षाला जास्तीत जास्त 3,000 युरो देणारा क्लब त्याच कामाला महिन्याला 3,525 देईल का? अर्थातच नाही. त्यामुळे खेळाडूला थांबायचे असेल तर एकच जागा उरत होती, अंडर-17 संघाचा मुख्य प्रशिक्षक. त्याला कोणत्या वयाची मुले शिकवायला आवडतील, कोणत्या वयाला त्याचा उपयोग होईल, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी काढलाच नाही. वयोगट पगाराच्या किमान मर्यादेने ठरवला.

दुसरी अडचण भाषेची. मैदानावर खेळाडूचे दीडशे-दोनशे शब्दांत भागते. प्रशिक्षकाचे भागत नाही.

समोरचे पर्याय

ब्राझीलला परतून ओळखीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक होणे, हा पहिला पर्याय. त्यात भाषेची अडचण नव्हती. पण ब्राझीलमधल्या खालच्या श्रेणींत मुख्य प्रशिक्षक काही पराभवांतच बदलतो आणि त्याच्याबरोबर सहायकांचेही सामान बाहेर येते. मुलगी जर्मन शाळेत जाऊ लागली होती, हेही होतेच.

खालच्या लीगमध्ये अर्धवेळ खेळून बाकी वेळ दुसरी नोकरी करणे गुडघ्याला झेपणारे नव्हते, आणि परवान्याच्या अटीत तर बसतच नव्हते.

तिसरा पर्याय खासगी फुटबॉल शाळेचा होता. एका ओळखीच्या माणसाने सुट्टीतल्या शिबिरांसाठी भागीदारी देऊ केली होती. जाहिरातीत ‘ब्राझिलियन तंत्र’ असे मोठ्या अक्षरांत छापायचे होते. त्याने नकार दिला, आणि मला तो नकार पटतो. ब्राझीलचा म्हणजे पायात जादू, ही समजूत विकणे सोपे असते. पण याची खरी विद्या पायांपेक्षा नजरेची होती आणि पोस्टरवर नजर छापता येत नाही.

उरला अंडर-17. शिवाय पाच वर्षांचा वैध वास्तव्यकाळ, निवृत्तिवेतन विम्याच्या 60 महिन्यांच्या वर्गण्या आणि बी-1 (मध्यम) पातळीची जर्मन भाषा झाली की कायम निवास परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो 2020 साली आलेला. म्हणजे 2025 पर्यंत कसेही करून टिकायचे. त्याने करार केला.

अंडर-17 चे दोन हंगाम

सुरुवात चांगली झाली. पोरे खूष होती. कालपर्यंत स्टेडियममध्ये पाहिलेला माणूस आज सरावात त्यांच्याबरोबर पास देत होता. पण खेळाडू म्हणून मिळालेला मान थोडेच दिवस पुरतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पास कसा द्यायचा हे बहुतेक येत असते. त्याचे प्रश्न वेगळे असतात: मी बेंचवर का? पुढच्या वर्षी मला ठेवणार आहात का? एजंट म्हणतो क्लब बदल, काय करू? या प्रश्नांना उत्तर शब्दांनीच द्यावे लागते, आणि तेही मोजून-मापून.

शब्द कमी पडू लागले तशी त्याची टचलाइनवरची आरडाओरड वाढली. ‘मागे बघ’, ‘वळ’, ‘आता दे’. प्रत्येक पासाला सूचना. खेळताना जे तो स्वतः न सांगता करत असे, ते मुलांकडून ओरडून करवून घेऊ लागला. परिणाम उलटा झाला. चेंडू यायच्या क्षणी मुलगा मैदानाकडे बघायचा सोडून बेंचकडे बघू लागला. नजर हीच ज्याची विद्या, त्याच्याच संघाची नजर बांधली गेली.

सगळ्यात अवघड प्रसंग पहिल्या हंगामाच्या शेवटी आला. काही मुलांना पुढच्या वर्षी जागा नाही, हे सांगायचे होते. क्लबच्या प्रथेनुसार ते मुख्य प्रशिक्षकाने एकट्याने सांगायचे. एका बचावपटूला त्याने मोजक्या वाक्यांत निरोप दिला. वाक्ये व्याकरणाने बरोबर होती, पण त्यांत कारण नव्हते, पुढचा रस्ता नव्हता, आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही नव्हते, कारण प्रश्न वेगात विचारला गेला आणि त्याला तो नीट कळलाच नाही. आई-वडिलांनी लेखी तक्रार केली. क्लबने प्रशिक्षकाला समज दिली. प्रथा मात्र तेव्हा बदलली नाही.

दरम्यान तो यूएफाचे (युरोपीय फुटबॉल संघटनेचे) ब लायसन्स जर्मनीत नव्याने करत होता. ब्राझीलचे लायसन्स यूएफाच्या परस्पर मान्यतेच्या करारात येत नाही, आणि हा अभ्यासक्रम किमान 120 तासांचा असतो. सराव, अभ्यासक्रम, भाषेचा वर्ग, घर. त्या वर्षी त्याने मदत मागितली नाही. का, असे नंतर विचारल्यावर तो म्हणाला, की मदत मागणारा परदेशी प्रशिक्षक पहिल्यांदा काढला जातो, असे त्याला वाटत होते. ती भीती निराधार नव्हती. परवाना नोकरीवर आणि नोकरी निकालांवर टांगलेली असेल, तर माणूस कमकुवत बाजू झाकणारच.

बुधवारची दुपार

याच काळात अंडर-9 गटाला शिकवणारे एक पालक बदली होऊन दुसऱ्या शहरात गेले. बदली माणूस मिळेपर्यंत बुधवारचा सराव कोण घेणार, अशी विचारणा झाली आणि त्याने हात वर केला. मानधन नव्हते. करारातही हे काम नव्हते.

त्या सुमारास जर्मनीत लहान मुलांच्या सामन्यांची पद्धत बदलत होती. अनेक विभागांत प्रयोग चालू होते, आणि 2024-25 च्या हंगामापासून नवी पद्धत देशभर सक्तीची झाली. सर्वांत लहान मुले दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन खेळतात. अंडर-9 पर्यंत गुणतक्ता नाही, विजेतेपद नाही. एका दुपारी शेजारी शेजारी अनेक छोटी मैदाने आखली जातात, जिंकणारा संघ एक मैदान वर सरकतो, हरणारा एक खाली. थोड्याच वेळात प्रत्येकाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी सापडतो. या पद्धतीच्या मुळाशी हॉर्स्ट वाइन यांचा ‘फुनिनो’ हा खेळ आहे. दोन्ही टोकांना दोन-दोन, असे चार छोटे गोल, गोलकीपर नाही, ठरावीक पट्ट्यात शिरल्याशिवाय गोल धरत नाहीत. वाइन मूळचे हॉकीपटू आणि हॉकी प्रशिक्षक.

दोन गोल समोर असले की मुलाला निवड करावी लागते. डावीकडच्या गोलापुढे गर्दी असेल तर उजवीकडचा मोकळा असतो, आणि ते कळायला मान वर करावी लागते. म्हणजे हा प्रशिक्षक आयुष्यभर जे करत आला, तेच हा खेळ मुलांकडून करवून घेत होता. इथे त्याला ओरडायची गरज नव्हती. तो मुलांमध्ये खेळायला उतरायचा, चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहायचा, आणि काही आठवड्यांत मुलेही तसे पाहू लागली. कधी तो पास देताना एका हाताने सरावाचे रंगीत बनियन उंच धरायचा आणि चेंडू अडवण्याआधी मुलाने रंग सांगायचा. आठ वर्षांचे मूल सूचना ऐकत नाही, नक्कल करते. त्याची तोकडी भाषा इथे अडसर ठरली नाही. उलट कमी बोलणारा प्रशिक्षक मुलांना बरा वाटला.

पालक सगळेच खूष होते असे नाही. बोरुसिया डॉर्टमुंड क्लबचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी हान्स-योआखिम वाट्स्के यांनी 2023 साली या नव्या पद्धतीवर जाहीर टीका केली होती, आणि काही वडिलांच्या तोंडी तीच भाषा होती: हरायला शिकवलेच नाही तर जिंकणार कसे? प्रश्न अगदीच फेकण्याजोगा नाही. पण मैदानाशेजारी तासभर उभे राहिले तर दिसते की मुले दर काही मिनिटांनी हरत असतात आणि लगेच पुन्हा खेळतात. गुणतक्ता मोठ्यांनाच हवा असतो.

2024: क्लबचा निर्णय

2023-24 च्या हंगामात अंडर-17 संघ तळाच्या दोन संघांत अडकला होता. करार जूनमध्ये संपत होता. परवान्याच्या नूतनीकरणाला चालू वर्षाचा आकडा लागणार, म्हणजे 3,775. क्लबसमोर तीन वाटा होत्या.

करार न वाढवणे सर्वांत सोपे होते. पण मग परवान्याचा आधार जाणार, आणि कायम निवासापासून एक वर्षावर आलेला माणूस कुटुंबासह परतणार. क्लब ही काही धर्मादाय संस्था नव्हे. तरी समितीतल्या दोघांना हे टोचत होते. दुसरी वाट म्हणजे त्याला अंडर-17 वरच ठेवून मजबूत जर्मन सहायक देणे. त्यात खर्च दुप्पट, आणि मुलांना दोन डोकी. तिसरी वाट युवा विभागाच्या प्रमुख बाईंनी मांडली: पद नव्याने घडवायचे. लहान मुलांच्या फुटबॉलचा पगारी प्रमुख, शिवाय अंडर-13 ते अंडर-17 च्या मुलांसाठी छोट्या गटांत वैयक्तिक सराव. सामन्यांची, निवडीची आणि निरोपाची जबाबदारी नाही.

ही वाट कागदावर बसवायला वेळ लागला. हे पद व्यावसायिक प्रशिक्षकाचेच आहे, पालकांच्या स्वयंसेवेचे नाही, हे करारात कामाच्या तासांसह लिहावे लागले. वकिलाचा सल्ला घेतला गेला. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने नव्या करारावर परवाना चालू ठेवला. खरा वाद सभासदांच्या वार्षिक सभेत झाला. आठ वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षकाला एवढा पगार कशासाठी, असा प्रश्न आला. प्रमुख बाईंनी उलट विचारले, की अंडर-17 च्या प्रशिक्षकाला तोच पगार देताना हा प्रश्न का आला नव्हता? ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला.

नव्या पदावर त्याचा पहिला मोठा निर्णय निवडीचा होता. आठव्या वर्षीच ‘पहिला संघ’ आणि ‘दुसरा संघ’ पाडण्याची क्लबची जुनी रीत त्याने बंद केली. कारण साधे आहे. वयोगट 1 जानेवारीला कापला जातो, आणि त्या वयात जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरमधल्या मुलाहून जवळपास एक वर्षाने मोठे असते. त्याला गुणवत्ता समजून पुढे काढले जाते, चांगला सराव मिळतो आणि फरक वाढत जातो. युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा असतो, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्याने गट दर काही आठवड्यांनी मिसळायला सुरुवात केली. दोन तगड्या मुलांच्या पालकांनी मुले शेजारच्या क्लबात नेली. क्लबला ते झोंबले, पण निर्णय फिरवला नाही.

निष्पत्ती

2025 च्या उन्हाळ्यात त्याची पाच वर्षे भरली. बी-1 परीक्षा तो आधीच उत्तीर्ण झाला होता. शरद ऋतूत कायम निवास परवाना हातात आला.

आणि लगेच एक गोष्ट घडली, जी या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते. आता पगाराची किमान मर्यादा त्याला लागू नव्हती. पुढच्याच बैठकीत क्लबने पगार कमी करण्याचा प्रस्ताव ठेवला. दुष्टपणा म्हणून नव्हे. खजिनदाराच्या लेखी तो आकडा कायद्याने लादलेला होता, कामाची किंमत म्हणून कधी मान्य झालेलाच नव्हता. दोन्ही बाजूंनी ओढाताण झाली आणि पद अर्धवेळापेक्षा थोडे जास्त ठरले. उरलेल्या वेळात तो दोन प्राथमिक शाळांत दुपारचे खेळाचे तास घेतो. 2026-27 च्या शालेय वर्षापासून पहिलीच्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळणार आणि पुढे तो एकेक इयत्तेने वाढणार. त्यामुळे शाळांना अशी माणसे हवीच आहेत. एकूण मिळकत आधीपेक्षा थोडी कमी आहे.

अंडर-17 संघ नव्या प्रशिक्षकाकडे गेला. निकाल काही काळ सुधारले, मग पुन्हा तसेच. त्या संघाच्या दुखण्याला एकटा आधीचा प्रशिक्षक जबाबदार नव्हता, हे त्यातून दिसते.

वेगळे काय करता आले असते

लहान मुले आणि वैयक्तिक सराव अशा संयुक्त पदाचा विचार 2022 च्या बैठकीतच होऊ शकला असता. कायदा तोच होता, पैसेही जवळपास तेवढेच लागले असते. विचार झाला नाही, कारण प्रशिक्षकाची बढती वयाने वरच्या दिशेनेच होते, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. त्यात खेळाडूही आला. पहिल्या वर्षी त्याला कोणी अंडर-9 देऊ केले असते तर तो अपमान समजला असता, असे तो स्वतःच सांगतो. म्हणून दोष निव्वळ क्लबच्या माथी मारता येत नाही. तरी दोन महिने वेगवेगळ्या गटांबरोबर सराव घ्यायला लावून मग पद ठरवले असते, तर बुधवारच्या दुपारी जे अपघाताने कळले ते आधीच दिसले असते.

भाषेच्या बाबतीत क्लबने बी-1 हे परवान्याचे कागदी काम मानले. सामान्य वर्गात डॉक्टरची वेळ घेणे आणि घर भाड्याने घेणे शिकवतात. सोळा वर्षांच्या मुलाला नकार कसा द्यायचा हे शिकवत नाहीत. क्लबमधल्याच एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाबरोबर अशा संभाषणांची तालीम करता आली असती. खर्च शून्य.

मदत न मागण्याचा मुद्दा जास्त अवघड आहे. त्याने बोलायला हवे होते, हे म्हणणे सोपे आहे. पण ज्याची नोकरी गेली की देश सुटतो, त्याच्याकडून मोकळेपणाची अपेक्षा ठेवायची तर आधी कराराची मुदत वाढवावी लागते. एका वर्षाऐवजी सुरुवातीलाच तीन वर्षांचा करार झाला असता तर त्याने भाषेची अडचण पहिल्याच हिवाळ्यात सांगितली असती, असे मला वाटते.

निरोपाची प्रथा मात्र आता बदलली आहे. खोलीत दोन प्रशिक्षक असतात, कारणे आणि पुढचे पर्याय आधी लिहून काढले जातात, आणि आठवड्याभराने पालकांना पुन्हा बोलावले जाते. जे बदललेले नाही ते मानधन. त्याच्या हाताखाली अंडर-7 आणि अंडर-9 घेणारे पालक अजूनही करमुक्त मर्यादेतच काम करतात, दोघे यंदा सोडून गेले, आणि तो शाळेत अडकला की बुधवारचा गट ज्याला वेळ आहे त्याच्याकडे जातो.